छोट्या स्पोर्ट्स कारमधून लांबचा प्रवास : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दोन सीटची, जमिनीलगत बसणारी गाडी घेतली की पहिले काही महिने तिच्या वळणांतच जातात. सकाळी लवकर निघायचं, तास-दीड तास मनसोक्त चालवायची आणि घरी यायचं. मग कधीतरी मनात येतं, हिच्यातूनच लांब जाऊन येऊ या. नेमकं तेव्हाच आजूबाजूचे सांगायला लागतात : पाठ धरेल, कान बधिर होतील, सामान कुठे ठेवणार?

तिन्ही शंका खऱ्या आहेत. पण तिन्हींवर इलाज आहे आणि त्यातले बरेचसे फुकट आहेत. गेली दहा वर्षं मी दोन सीटच्या उघड्या गाडीतून दिवसाला सहाशे-सातशे किलोमीटरपर्यंतचे प्रवास करतो आहे. पहिला प्रवास फार वाईट गेला होता. संध्याकाळी मुक्कामावर पोचलो तेव्हा कानात शिट्टी वाजत होती आणि गाडीतून उतरून सरळ उभं राहायला दोन मिनिटं लागली. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. छोट्या गाडीत मोठा त्रास एकाएकी येत नाही. खिशातली किल्ली, खांद्यामागे फडफडणारा पट्टा, दाराला टेकणारा गुडघा, असे बारीक त्रास पहिल्या तासात जाणवतही नाहीत. पाचव्या तासाला मात्र डोक्यात दुसरं काही उरत नाही. त्यामुळे गाडीत नवीन वस्तू भरण्याआधी हे बारीकसारीक त्रास शोधायचे आणि एकेक करून काढून टाकायचे. पुढचा सगळा लेख त्याचाच आहे.

पहिली पायरी : दोन तासांची रंगीत तालीम

खऱ्या प्रवासाच्या दोन आठवडे आधी एक तालीम करा. दोन तास, न थांबता, ज्या वेगाने प्रवासात जाणार त्याच वेगाने. कपडे तेच, बूट तेच, सोबतीला जो येणार तोच आणि सामानही तितकंच. ही शेवटची अट लोक टाळतात, पण भरलेली डिकी गाडीचं वागणं बदलते. मागचा भाग खाली बसतो, गतिरोधकावर पोट घासायला लागतं, रात्री हेडलाइटचा झोत वर जातो. हे घराजवळच कळलेलं बरं.

वाटेत जे जे खटकेल ते सोबत्याला टिपून ठेवायला सांगा. एकटे असाल तर परत आल्यावर गाडीतून उतरण्याआधीच लिहून काढा. उतरलात की निम्मं विसरायला होतं. माझ्या पहिल्या यादीत अकरा गोष्टी होत्या. त्यातल्या काही अशा : पट्ट्याचा मोकळा भाग वाऱ्याने फडफडून कानाशी आवाज करतो. जाड किल्ली मांडीला टोचते. दाराकडचा गुडघा प्रत्येक वळणाला दाराच्या मुठीच्या खालच्या कडेला टेकतो. बाजूच्या रिकाम्या सीटचा बकल मधल्या प्लॅस्टिकवर टकटक आपटतो. दुपारी नकाशाचा पडदा दिसत नाही.

अकरातल्या आठ गोष्टी एका संध्याकाळी मिटल्या. किल्लीच्या जुडग्यातून गाडीची किल्ली सुटी केली. दाराच्या कडेला बोटभर जाडीचा फोमचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीने लावला. रिकामा पट्टा सीटवरून घेऊन बकलमध्ये अडकवून टाकला. बरेच जण तालीम न करताच उशा, कप होल्डर, जेलच्या गाद्या मागवतात आणि मग त्याच वस्तू पायात येतात.

दुसरी पायरी : बैठक लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी मागच्या खिशातलं पाकीट काढून बाजूला ठेवा. पाकिटावर बसलं की कमरेचं हाड एका बाजूने वर राहतं, मणका तिरका होतो आणि दोन-तीन तासांत त्याच बाजूच्या ढुंगणापासून मांडीपर्यंत कळ यायला लागते. पुष्कळ लोक त्याचा दोष सीटला देतात.

आता पुढचा क्रम पाळा, कारण एक गोष्ट हलवली की दुसरी बदलते. ढुंगण सीटच्या कोपऱ्यात पार मागे सरकवा. क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हा गुडघ्यात थोडासा बाक उरला पाहिजे, पाय ताठ होता कामा नये. क्लच नसलेल्या गाडीत ब्रेक जोरात दाबून हेच बघा. मग पाठीचा भाग उभा करत आणा. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आरामात टेकलं पाहिजे. शेवटी छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर आहे ना, ते पट्टीने मोजा. एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते.

सगळ्या गाड्यांत सगळं हलत नाही. माझदा एमएक्स-५ ही १९८९ पासून बनणारी, जगात सर्वाधिक विकली गेलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. पण तिचं स्टिअरिंग पुढे-मागे करायची सोय आली ती चौथ्या पिढीत, २०१९ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाडीत लांब पायांच्या माणसाला पाय की हात, दोन्हींतलं एक निवडावं लागतं. अशा वेळी पायांच्या सोयीने सीट लावा आणि पाठ एक-दोन घरं जास्त उभी करून हात जवळ आणा. उलट केलंत तर गुडघे दुमडलेलेच राहतील आणि ते जास्त दुखतं.

बुटक्या गाडीत पाय खाली सोडून बसता येत नाही, ते समोर पसरलेले राहतात. त्यामुळे मांड्या सीटवरून अधांतरी उचलल्या जातात आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. सीटचा पुढचा भाग वर करता येत असेल तर मांडीला अलगद टेकेल इतका करा. ती सोय नसेल तर पातळ, घट्ट फोमची पाचर पुढच्या कडेखाली सरकवा. मऊ गादी घेऊ नका. मऊ गादी अर्ध्या तासात दबते, वर डोकं टपाला लागतं आणि ब्रेक दाबताना शरीर सरकतं.

कमरेसाठी माझं साधन म्हणजे हात पुसायचा छोटा टॉवेल. गुंडाळून मनगटाएवढ्या जाडीची वळकटी करायची, दोन रबरबँड लावायचे आणि पॅंटच्या पट्ट्याच्या जरा वर, कमरेच्या खळग्यात ठेवायची. पण ती दिवसभर ठेवायची नाही. पहिल्या थांब्याला काढायची, दुसऱ्याला परत लावायची, तिसऱ्याला दोन बोटं खाली सरकवायची. पाठ दुखते ती बहुतेक वेळा एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्यामुळे. आदर्श बैठक एकच असते असं मला पूर्वी वाटायचं. आता मी तीन चांगल्या बैठका शोधतो आणि दिवसभर त्या आलटूनपालटून वापरतो. सीट हलवायची ती गाडी उभी असतानाच.

उंच माणसांचं डोकं टपाला लागत असेल तर जुन्या एमएक्स-५ चे मालक सीटच्या आतला फोम थोडा कापून बैठक खाली आणतात. हा उपाय चालतो. पण नवीन गाड्यांच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग आणि माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, तिथे सुरी चालवू नका. त्याच कारणाने सीटला जाड कव्हरही घालू नका, कव्हरने एअरबॅगची वाट अडते.

चढण्या-उतरण्याचीही रीत आहे. लोटस एलिससारख्या गाडीचा दाराखालचा उंबरा इतका उंच आणि रुंद असतो की आधी पाय आत टाकून बसायला गेलं तर कंबर पिळवटते. टप लावलेला असेल तर आधी ढुंगण आत, मग दोन्ही पाय जोडून आत. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग हाताने दाराच्या चौकटीचा आधार घेऊन उभं राहायचं. दिवसाला सात-आठ वेळा चढ-उतार होतो, त्यामुळे ही सवय लावून घेतलेली बरी.

तिसरी पायरी : आवाज

पाठीबद्दल सगळे बोलतात, कानांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते लांबच्या प्रवासातला निम्मा थकवा कानांतून येतो. सतत घोंघावणाऱ्या आवाजात माणूस नकळत दात आवळतो, खांदे वर घेतो, बोलणं कमी करतो.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कामाच्या जागेवरच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल, दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास आणि ९१ ला फक्त २ तास. टप उघडा ठेवून महामार्गाच्या वेगाने जाताना चालकाच्या कानाशी ८५ डेसिबल सहज ओलांडले जातात. तालमीच्या वेळी सोबत्याला फोनमधल्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर आकडा बघायला सांगा. फोन अगदी अचूक नसतो आणि वारा थेट मायक्रोफोनवर आला तर आकडा फुगतो, म्हणून तो सीटच्या आडोशाला धरायचा. अंदाजासाठी एवढं पुरतं.

इलाज स्वस्त आहे : कानात घालायचे प्लग. मोटरसायकलवाले वापरतात तसे, छोट्या फिल्टरचे घ्या. त्यांच्यात वाऱ्याची घरघर कमी होते, पण भोंगा, सायरन आणि शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतं. फोमचे पिवळे प्लग जास्त आवाज अडवतात. टप बंद असताना मला ते नको तेवढे बंदिस्त वाटतात. मात्र गाडी चालवताना दोन्ही कान झाकायला काही ठिकाणी कायद्याने मनाई आहे. जिथे जाणार तिथला नियम आधी बघून घ्या. मनाई असेल तर महामार्गाचा पट्टा टप लावून, काचा वर करून काढा आणि आतल्या रस्त्याला लागलात की टप उघडा. खरं म्हणजे उघड्या गाडीची मजा त्याच रस्त्यावर आहे.

गाडीला कंपनीचा सोडून बाहेरून घेतलेला एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारी नळी) बसवला असेल तर त्याची घुमणारी घरघर ही वेगळीच डोकेदुखी. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे असताना सेकंदाला १०० ठोके. छोट्या केबिनमध्ये या सुमाराचा खर्ज घुमतो आणि तो कानापेक्षा छातीतच जास्त जाणवतो. शहरात हा एक्झॉस्ट सुरेख वाटतो, पण एकाच वेगाने चार तास चाललं की असह्य होतो. घुमणारी पट्टी फार अरुंद असते. वेग पाच-सात किलोमीटरने कमी करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटका होते. वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास करणार असाल तर मूळ एक्झॉस्ट परत बसवा, हे माझं स्पष्ट मत आहे.

डिकीत आणि मागच्या चाकांच्या कमानीवर आवाज शोषणाऱ्या चटया चिकटवता येतात. फरक पडतो, पण वजन वाढतं आणि काम चिकट आहे. हा शेवटचा उपाय समजा.

चौथी पायरी : वारा, ऊन आणि टप

उघड्या गाडीत वारा समोरून येतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो समोरच्या काचेवरून उडून डोक्यावरून निघून जातो. त्याच्या मागे, सीटच्या जागेत दाब कमी होतो आणि तो भरून काढायला हवा मागून पुढे वळून येते. म्हणूनच मान आणि कान मागून गार पडतात, केस पुढे तोंडावर येतात, सीटमागचा कागद उडून डॅशबोर्डावर येतो. दोन सीटच्या मागे जाळीचा किंवा पारदर्शक पडदा लावतात तो याच उलट्या झोतासाठी. तुमच्या गाडीत तो नसेल तर एखादी वस्तू विकत घ्यायची म्हटलं तर पहिली हीच घ्या. दोन्ही बाजूच्या काचा वर ठेवायच्या. एवढ्याने केबिनमधला गोंधळ इतका कमी होतो की साध्या आवाजात बोलता येतं.

थंडीत टप उघडा ठेवून जायला काही हरकत नाही. काचा वर, पडदा मागे आणि हीटरचा झोत फक्त पायांकडे. गरम हवा वर चढत पोटापर्यंत येते आणि ऊबदार आंघोळीत बसल्यासारखं वाटतं. गळ्याला काहीतरी गुंडाळा, पण त्याची टोकं कपड्याच्या आत खोचलेली पाहिजेत.

उन्हाचा धोका फसवा आहे, कारण वाऱ्यामुळे कातडी भाजत असल्याचं कळत नाही. कपाळ, कानांच्या पाळ्या, दाराकडचा हात आणि मांड्यांचा वरचा भाग, या जागा विसरल्या जातात. सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावायचं असतं, त्यामुळे थांबा आणि सनस्क्रीन यांची सांगड घाला. टप बंद असला तरी बाजूच्या साध्या काचेतून अतिनील किरणांतला ए प्रकार बऱ्यापैकी आत येतो. घामही वाऱ्यावर लगेच सुकतो, म्हणून तहान लागायची वाट न बघता थांब्यागणिक पाणी प्या. टोपी घट्ट आणि पुढचा छज्जा आखूड असलेली घ्या, मोठ्या छज्ज्याची टोपी मागच्या झोताने उडून जाते. गॉगलच्या काड्या बारीक हव्यात. रुंद काड्यांना वारा धरतो आणि नाकावर सतत थरथर होते. पोलराइज्ड काचांतून काही गाड्यांचे आणि फोनचे पडदे काळे दिसतात, तेही तालमीत बघून घ्या.

एक नियम मी मोडत नाही : दुपारी ऊन डोक्यावर असताना दोन-तीन तास टप बंद. पहिल्या प्रवासात हट्टाने दिवसभर उघडा ठेवला होता आणि पुढचे दोन दिवस कपाळाला हात लावता येत नव्हता.

टप बंद असताना आतली हवा आतच फिरवणारं बटण विसरून चालू ठेवू नका. एवढ्याशा केबिनमध्ये दोन माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड लवकर साठतो, डोकं जड होतं, झापड येते. समोरच्या ट्रकचा धूर टाळायला बटण दाबलं तर पुढे गेल्यावर ते बंद करायची सवय लावा.

निघण्याआधी टपाच्या कडेची पाण्याची भोकं साफ करा. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी, धुळीने तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि गालिचा भिजतो. ओल्या गालिच्याचा वास मग सगळ्या प्रवासात सोबत असतो. भोकात लवचीक नायलॉनची दोरी हलक्या हाताने घाला. तार घालू नका, नळी फाटते.

पाचवी पायरी : टायर

हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. भरलेल्या गाडीसाठी वेगळा दिला असेल तर तोच घ्या. धावल्यावर टायर तापतो आणि दाब वाढतो, तो वाढायलाच हवा. वाटेत मोजून जास्त दिसला म्हणून सोडू नका.

छोट्या गाडीचे हादरे कमी करायचे असतील तर मोठ्या रिमचा मोह सोडा. एमएक्स-५ चंच उदाहरण घ्या. पहिल्या पिढीत १८५/६० आर १४ मापाचे टायर होते (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची), म्हणजे बाजूची भिंत १११ मिलिमीटर. आताच्या गाडीत १६ इंची रिमवर १९५/५० चा टायर साडेसत्त्याण्णव मिलिमीटरचा, आणि १७ इंचीवर २०५/४५ चा जेमतेम ९२. खड्ड्याचा पहिला धक्का याच रबराच्या भिंतीने खायचा असतो. दोन्ही रिम मिळत असतील तर लांबच्या प्रवासासाठी लहान घ्या. दिसायला साधी दिसतात, पण संध्याकाळी कंबर दुवा देते.

स्टिअरिंग ठराविक वेगाला थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. सहा तास स्टिअरिंग एका बाजूने धरून ठेवलं की खांदा हमखास आखडतो.

टायरचं वयही बघा. भिंतीवर डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात : २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या टायरची नक्षी छान दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं. असा टायर आवाजही जास्त करतो आणि पावसात घसरतो.

आणि स्टेपनी आहे का, ते आजच डिकी उघडून बघा. बऱ्याच नवीन छोट्या गाड्यांत ती नसते. पंक्चरचं द्रव्य आणि हवेचा छोटा पंप एवढंच असतं. त्या द्रव्याने ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं भोक बुजतं, बाजूची भिंत फाटली तर काही उपयोग नाही. अशा वेळी गाडी उचलून नेणाऱ्या सेवेचा नंबर हाच तुमचा आधार, तो कागदावर लिहून ठेवा. द्रव्याच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, तीही बघा.

सहावी पायरी : सामान

आताच्या एमएक्स-५ ची डिकी सुमारे १३० लिटरची आहे. आकडा फसवा आहे, कारण ती खोल आणि वेडीवाकडी आहे. टणक सुटकेस एक गेली तर बाजूचे कोपरे रिकामे राहतात आणि दुसरी बसत नाही. म्हणून मऊ, कापडी, चाकं नसलेल्या पिशव्या घ्या. एक मोठी घेण्यापेक्षा चार लहान घेतल्या तर त्या कोपऱ्यांत दाबून बसतात. मी कपडे गुंडाळून लहान कापडी पिशव्यांत भरतो आणि थेट डिकीतच रचतो. मुक्कामावर पोचलं की घडी करून आणलेली मोठी पिशवी उघडायची, सगळं तिच्यात टाकायचं आणि खोलीत न्यायचं.

वजनाची मर्यादा जागेच्या मर्यादेआधी येऊ शकते. किती भार चालतो हे त्याच दाराच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात असतं आणि त्यात दोन्ही माणसांचं वजन धरलेलं असतं. जड वस्तू तळाला आणि सीटच्या बाजूला, हलक्या मागे. डिकीच्या झाकणावर बसवायचा कॅरिअर सोय म्हणून चांगला आहे, पण त्यावर वरचा ब्रेकलाइट झाकला जाता कामा नये आणि आरशातून मागचं दिसलं पाहिजे.

सीटमागच्या फटीत काही ठेवणार असाल तर आधी सीट आपल्या बैठकीप्रमाणे लावा, मग उरलेल्या जागेत ठेवा. उलट क्रमाने केलं तर सामानासाठी सीट पुढे घ्यावी लागते आणि दुसऱ्या पायरीची सगळी मेहनत वाया जाते. चालकाच्या पायाशी कुठलीही सुटी वस्तू नको. बाटली ब्रेकखाली गेली तर काय होईल हे सांगायला नको. टप उघडा असताना सीटमागे सुटं जॅकेटही नको, ते उडतं.

हाताशी लागणाऱ्या वस्तू मोजक्या असतात : पाणी, सनस्क्रीन, गॉगल, प्लगची डबी, काच पुसायचं मऊ फडकं, थोडे सुटे पैसे, पातळ जॅकेट. यांना एक छोटी पिशवी द्या आणि ती नेहमी एकाच जागी ठेवा. बुटक्या गाडीत वाकून शोधाशोध करणं म्हणजे मानेला त्रास आणि रस्त्यावरून नजर हटणं.

शेजारी बसणाऱ्याचं काय

चालकाला निदान स्टिअरिंग धरायला असतं. शेजारच्याला धरायला काही नाही, पाय टेकायला काही नाही आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्या सीटची उंची बदलत नाही. माझ्या बायकोने पहिल्या प्रवासानंतर सांगितलं की वळणावर पायाने कशाला तरी रेटा द्यावा असं तिला दिवसभर वाटत होतं. तेव्हापासून तिच्या पायाशी एक घट्ट फोमचा ठोकळा असतो, न सरकणाऱ्या चटईवर चिकटवलेला. सरळ रस्त्यावर पाय त्यावर, वळणावर रेटा त्यालाच. पाय डॅशबोर्डावर मात्र कधीही ठेवू देऊ नका. एअरबॅग उघडली तर गुडघे तोंडावर येतात. आणि शेजारी माणूस असेल तर वळणं थोडी हळू घ्या. तुम्हाला वळण आधी दिसतं, त्याला ते अंगावर आल्यावर कळतं.

प्रवासाच्या दिवशी

दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटांचा थांबा, थकवा असो वा नसो. छोट्या गाडीत मी तो दीड तासावर आणला आहे, तसाही पेट्रोलची टाकी लहान असते. थांबून फोन बघत गाडीतच बसलात तर तो थांबा नव्हे. उतरा, शंभर पावलं चाला, टाचा वीस वेळा उचला, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ मागे वाकवा. तासन्‌तास बसून राहिल्यावर पोटरीच्या शिरांत रक्त संथ होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ४ तास किंवा अधिक प्रवासात शिरेत गाठ होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसासाठी तो मुळात फार कमी आहे, सुमारे ६००० मागे १. पण आधी असा त्रास झालेल्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी किंवा गरोदर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं.

झोप येत असेल तर गाणी मोठ्याने लावणं, काच उघडणं याचा भरवसा धरू नका. सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. डुलकी नीट लागावी म्हणून सीट आधीच मागे घ्या. सीटमागे सामान ठासलेलं असेल तर ती मागे जाणार नाही, भरताना याचाही विचार करा.

बुटकी गाडी मोठ्या वाहनांच्या चालकांना दिसत नाही हे धरूनच चाला. ट्रकच्या चाकाशी तुमची खिडकी येते. तिथे रेंगाळू नका. मागे राहा किंवा झटकन पुढे जा. पावसात ट्रकमागचा उडणारा फवारा थेट तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो, म्हणून अंतर दुप्पट ठेवा. रात्री मागच्या उंच गाडीचे दिवे आरशातून डोळ्यांत भरतात. आतला आरसा रात्रीच्या खटक्यावर टाका आणि समोरची काच आतून पुसा. आतला तेलकट थर उजेड फाकवतो आणि डोळे थकवतो. शक्य असेल तर अंधार पडण्याआधी मुक्काम गाठायचा, मी बेत तसाच आखतो.

पाऊस भुरभुरू लागला की लगेच थांबून टप लावा. चालत्या गाडीत थेंब डोक्यावरून जातात हे खरं, पण पुढे सिग्नल लागला किंवा वाहतूक तुंबली की दोघं आणि सीट दोन्ही चिंब होतात. पुढच्या काचेच्या वरच्या कडेला असलेल्या टपाच्या खिट्ट्या घरी दहा वेळा लावून-काढून सराव करा, अंधारातही हाताला सापडल्या पाहिजेत. मागची काच प्लॅस्टिकची असलेल्या जुन्या गाडीत, ती चेन उघडून सपाट पाडल्याशिवाय टप खाली करू नका, घडीवर चीर जाते. थंडीत तर ते प्लॅस्टिक काचेसारखं तडकतं.

मुक्कामावर पोचल्यावर, अंघोळीच्या आधी, तालमीच्या यादीखाली त्या दिवसाचं जे खटकलं ते दोन ओळींत लिहा. टप ओला असेल तर दुमडू नका. लावलेलाच ठेवा, टॉवेलने पाणी टिपा, जागा सुरक्षित असेल तर काचा दोन बोटं खाली घ्या आणि सकाळी पूर्ण वाळल्यावरच उघडा.